कोबोटूलबॉक्स: सीनेच्या पुरानंतर वापरायला लागलो, त्याचा रिव्ह्यू

कोबोटूलबॉक्स म्हणजे गावोगाव फिरून फोनवर सर्वेचे फॉर्म भरायचं साधन. घाईत असाल तर आधीच सांगतो, पाचपैकी चार स्टार, आणि जो एक कापलाय तो ॲपपेक्षा माझ्या डोक्याला झालेल्या तापासाठी कापलाय.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या सोलापूरकडच्या सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ हायवे बंद पडला, माढा-मोहोळकडच्या गावांत घरात चिखल, तेव्हा आमचं दहा-बारा पोरांचं टोळकं मदतीचे किट वाटायला गेलं होतं. यादी कुठं, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर. एकाने एक्सेल टाकायची, दुसऱ्याने भर घालून परत टाकायची, मग फायनल, फायनल २, फायनल खरी असं चालू. त्यात नाव, मोबाइल, आधार नंबर, घरात माणसं किती, काय काय वाहून गेलं, सगळं. ग्रुपमध्ये नेमकं कोण कोण आहे हे ॲडमिनलाच माहीत नाही, कारण ॲडमिन नऊ होते. पंधरा दिवसांनी एका ताईंचा फोन आला, "दादा, तुम्ही नंबर लिहून घेतलता ना, आता रोज कर्जवाल्यांचे फोन येलालेत." आमच्या यादीतूनच गेला का दुसरीकडून, ते आजपर्यंत कळलं नाही. पण मी "नाही, आमच्याकडून नाही" असं छातीठोक म्हणू शकलो नाही, तिथंच विषय संपला.

मग एका मित्राने कोबो दाखवलं. हार्वर्डच्या ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधल्या लोकांनी सुरू केलेलं, जगभर मदतकार्यात वापरतात, ना-नफा कामासाठी फुकट प्लॅन आहे. फॉर्म कॉम्प्युटरवर बनवायचा आणि अँड्रॉइड फोनवर त्याचं कोबोकलेक्ट नावाचं ॲप टाकून भरायचा. रेंज नसली तरी चालतं, फॉर्म फोनमध्ये सेव्ह होतो आणि नेटवर्क आलं की वर जातो. ज्याने नदीकाठच्या वस्तीत एक हात वर करून रेंज शोधलीये त्याला याची किंमत सांगायला नको.

मला सगळ्यात आवडलं ते भाषेचं. दुसरा सर्वे आम्ही सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत केला, विड्या वळणाऱ्या बायकांच्या तब्येतीचा. एकाच फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्न मराठी, तेलुगू, कन्नड असा टाकता येतो आणि मेनूतून भाषा बदलता येते. फक्त भाषांतर माणसाकडून करून घ्या. आम्ही पहिल्यांदा मशिनचं तेलुगू टाकलं, ते वाचून दाखवलं तर बायका सूप मांडीवर तसंच ठेवून हसायला लागल्या, हे कुठलं बे तेलुगू, टीव्हीवरचं का. शेवटी साखर पेठेतल्या एका मित्राच्या आत्याने सगळं बसून नीट केलं, अर्धे शब्द मराठीच होते त्यात, पण सगळ्यांना कळलं.

आता ताप. परवानग्यांचा भाग शांत डोक्याने बघा. एक बटण असं आहे की लॉगिन न करता कुणीही फॉर्म भरू शकतो आणि दुसरं असं की आलेली माहिती कुणीही बघू शकतो. घाईत ही दोन सारखीच वाटतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही प्रत्येक पोराला वेगळं खातं दिलं आणि त्याला त्याने स्वतः भरलेलेच फॉर्म दिसतील असं केलं. फॉर्म पाठवला की फोनमधून पुसला जावा ही सेटिंग कोबोकलेक्टमध्ये आहे, ती चालू करा, कारण पोरांचे फोन घरात लहान भाऊ गेम खेळायला घेतात.

एन्क्रिप्शनपण जमतं, म्हणजे माहितीला कुलूप लावणं. त्याच्या दोन की, म्हणजे डिजिटल किल्ल्या असतात, फॉर्मच्या सेटिंगमध्ये एक की टाकायची, दुसरी आपल्याजवळ ठेवायची, मग सर्व्हरवर बसलेल्यालासुद्धा काही वाचता येत नाही. पण तुम्हालाही वेबसाइटवर तक्ता दिसत नाही, सगळं उतरवून घेऊन उघडावं लागतं, आणि ती दुसरी की हरवली तर माहिती गेलीच म्हणून समजा. आम्ही आजाराच्या प्रश्नांपुरता वेगळा फॉर्म केला आणि तोच एन्क्रिप्ट केला. एक स्टार इथं गेला, दोन रात्री गेल्या माझ्या.

पण ॲप कितीही चांगलं असू दे, ते तुम्हाला "हा प्रश्न कशाला विचारताय" असं विचारत नाही. आमचा पहिला फॉर्म ४२ प्रश्नांचा होता. कुणीतरी जात टाकली होती, कुणी बँक खातं, का तर "असू दे, पुढंमागं लागेल". कुंभारीत एक आजी, आम्ही तोंड उघडायच्या आत आत गेल्या, पत्र्याच्या डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून रबर लावलेलं आधार, विडी कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, सगळं आमच्यापुढं मांडलं आणि म्हणाल्या, "घे बाळा, फोटो काढ." काय काम आहे हेसुद्धा विचारलं नाही. मी म्हटलं, आजी, आधार नको, खोकला किती दिवस आहे तेवढं सांगा. तर त्या घाबरल्या, आधार नको म्हणजे आपलं नाव यादीतनं काढलं की काय. त्यांना समजवायला दहा मिनिटं लागली. त्या संध्याकाळी चहा पिता पिता ४२ चे १३ प्रश्न केले.

ग्रुपमधला एक जण म्हणाला, आपल्या एवढ्याशा यादीचं कोण काय करणार? त्याला सांगितलं, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या सर्व्हरमध्ये हॅकर घुसले होते हे जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आलं, ५ लाख १५ हजारांवर माणसांची माहिती उघडी पडली, त्यात युद्धात, आपत्तीत हरवलेली, ताटातूट झालेली माणसं होती. त्यांच्याकडं जाणकार माणसं असून हे झालं, आपल्याकडं नऊ ॲडमिन आहेत. शिवाय आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, त्यात संमती घ्यायची आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत माहिती मिळायची सोय द्यायची असं म्हटलंय. मग आम्ही संमतीचा प्रश्न पहिला ठेवला, "नाही" दाबलं की फॉर्म तिथंच संपतो, आणि नाही म्हणणाऱ्यालाही किट मिळणार हे बोलून दाखवायचं असं पोरांना बजावलं.

हो, एका देणगीदाराने सगळी यादी आणि प्रत्येकाचा किट घेतानाचा फोटो मागितला. आम्ही गावनिहाय आकडे आणि किटच्या ढिगाचा फोटो दिला. थोडे रुसले, पण पुढच्या वेळी पैसे दिले.

कुणी घ्यावं? गावात, वस्तीत फिरून माहिती गोळा करणारे, रेंज नसणारे, भाषा दोन-तीन असणारे, बिनधास्त घ्या. नुसती २० जणांची यादी करायची असेल तर वही बरी, फक्त ती कुलपात ठेवा. आणि काम झालं की माहिती पुसायची तारीख आधीच ठरवा. विडी घरकुलातल्या सर्वेतले नाव-नंबर आम्ही आकडे काढल्यावर कोबोवरून उडवले, आठजण समोर बसून.

पुराच्या वेळची एक्सेल मात्र अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे काय माहीत. गेल्या आठवड्यात एकजण फोनमध्ये जागा करायला बसला, तर डाउनलोडमध्ये "फायनल खरी" दोनदा निघाली.