टंच मशीन: नऊ महिने वापरून झाल्यावर

आमची सोनं गाळायची गलाई कोइमतूरला, गाव विट्याकडचं. आबांनी उभा जन्म कसोटीवर रेघ ओढून, तिच्यावर ॲसिडचा थेंब सोडून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगितला. मी नऊ महिन्यांपूर्वी एक्सआरएफ मशीन घेतलं. ते एक्स-रे टाकून कुठला धातू किती टक्के ते सांगतं. माझं सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टरवालं, म्हणजे धातूंचे किरण बारकाईने वेगळे ओळखणारं. प्रपोर्शनल काउंटर या साध्या डिटेक्टरचं स्वस्त पडत होतं. प्रत्येक धातूच्या किरणांची ठरलेली ऊर्जा असते, ती पडद्यावर रेषा म्हणून दिसते आणि केईव्हीत मोजतात. पण त्यात तांब्याची रेषा 8.05 केईव्हीला आणि जस्ताची 8.64 ला, दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि सॉफ्टवेअर गणिताने त्यांची वाटणी करतं. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या दागिन्यांच्या मोडीत डाक, म्हणजे सांधे जोडायचा धातू, भरपूर, म्हणजे जस्त-कॅडमियम आलंच. म्हणून जास्त पैसे मोजले, आणि त्याचा पस्तावा नाही.

पस्तावा पाटल्यांचा. दुसऱ्याच महिन्यात एक जोडी आली. वरून, आतून, कडेला अशी तीन ठिकाणी लावली: 91.4, 91.7, 91.5 टक्के सोनं. बावीस कॅरेट धरून पैसे दिले. मुशीत गाळून लगड केली, तीच मशीनवर ठेवली तर 87.2! आबा काही बोलले नाहीत, नुसते चहा पीत राहिले.

मशीन खोटं बोललं नव्हतं. एक्स-रे पडल्यावर सोन्याचे अणू स्वतःचे किरण सोडतात, पण ते किरण बाहेर येता येता सोन्यातच जिरतात. त्यामुळे वरच्या जेमतेम दहा मायक्रॉनांची खबर लागते. केसाची जाडी याच्या कैक पट असते. पाटल्या ॲसिडात उजळलेल्या, वर मुलामा. कातडी बावीस कॅरेटची, पोटात हीण. आता जाड दागिना आला की आधी कानशीने कोपरा घासतो, मग लावतो, आणि हिशेब लगडीवरच. बोरमाळेच्या मण्यांत भरलेली लाख तर या मशीनला दिसतच नाही, शिवाय गोल मणी जरा कलला तरी आकडा हलतो.

एका कामात मात्र मशीन कसोटीच्या पुढे आहे. भेसळ म्हणून मिसळलेली इरिडियम आणि रुथेनियम या धातूंची पूड सोन्यात विरघळत नाही, कण तसेच अडकून राहतात. नायट्रिक ॲसिड त्यांना खात नाही, त्यामुळे ‘फायर असे’ चाचणीतही (भट्टीत आणि ॲसिडात बाकीचे धातू काढून उरलेलं सोनं तोलतात, त्यात) ती सोन्याबरोबरच वजनाला उरते आणि सोनं म्हणूनच मोजली जाते. मशीनवर रुथेनियमची रेषा 19.3 केईव्हीला वेगळी उभी राहते. नऊ महिन्यांत अशा दोन लगडी परत केल्या; एक तर ओळखीच्याच माणसाची होती. बाकी शुद्धता पक्की ठरवायची तर आजही ‘फायर असे’ हीच चाचणी. हॉलमार्किंगमध्येसुद्धा एक्सआरएफ प्राथमिक चाचणीपुरतंच.

सकाळी सुरू केल्यावर अर्धा तास हात लावत नाही. मग कंपनीने दिलेला नमुन्याचा तुकडा ठेवून बघतो, आकडा जुळला तरच गिऱ्हाईक. यूपीएस हवाच. झाकण उघडलं की एक्स-रे बंद होतो, हे आईला दहादा सांगूनही ती त्या टेबलाजवळ बसत नाही. खालच्या खिडकीवरची पातळ फिल्म नाजूक आहे. एकदा कानातल्याचा दांडा रुतला आणि सर्व्हिसवाल्याची आठ दिवस वाट बघत बसलो. त्या आठ दिवसांत आबांची कसोटी कपाटातून बाहेर आली होती आणि त्यांचा मूड फार चांगला होता.

घासाघीस निम्म्याने कमी झाली, हे खरं. आकडा गिऱ्हाईकाच्या समोरच येतो. फक्त आता लोक स्क्रीनचा फोटो काढतात आणि समोरच्या दुकानात जातात. तिथलं मशीन 0.3 जास्त दाखवतं.