घरचा ग्लुकोमीटर: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

रक्तातली साखर घरी मोजणारा ग्लुकोमीटर घ्यावा का, असं शाळेत आणि शेजारीपाजारी बरेच जण मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर घ्या. पण रोज सकाळी उपाशीपोटी एकदा बोट टोचायचं, आकडा बघायचा आणि मशीन कपाटात ठेवून द्यायचं, एवढ्यासाठीच घेणार असाल तर तो खर्च करू नका. त्यापेक्षा तीन महिन्यांनी लॅबमध्ये जाऊन एचबीए१सी ही साखरेची रक्तचाचणी करून आलेलं बरं. हे यंत्र खरं कामाला येतं ते जोडीने तपासल्यावर. जेवायला बसण्याआधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या दिवशीच्या ताटाचा हिशेब.

मी गोव्यात डिचोलीत राहते, प्राथमिक शाळेत शिकवते, पन्नाशी ओलांडली आहे. गेल्या वर्षी मिरग लागायच्या सुमारास माझं एचबीए१सी ८.४ आलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आधीपासून चालूच होती. गंमत म्हणजे त्याच दिवशी उपाशीपोटीची साखर १२८ होती आणि घरातले सगळे म्हणत होते, 'एवढी काही वाढलेली नाही.' एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ८.४ म्हणजे सरासरी साधारण १९४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. सकाळी १२८ आणि सरासरी १९४, मग मधला दिवस कुठे जातो? डॉक्टरांनी तेच विचारलं आणि जेवणानंतरचं मोजायला मीटर घ्यायला सांगितलं.

आपल्याकडे हा प्रश्न किती घरांत आहे ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत दिसतं. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. चारांत एक. आमच्या वाड्यावर घरं मोजली तरी हा हिशेब चुकत नाही.

आता ताटाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथे. माझी लक्ष्यं डॉक्टरांनी ठरवून दिली होती: जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनंतर १८० च्या आत. सुरुवातीचे काही आठवडे मी खाण्यात काहीच बदललं नाही. नेहमीसारखं हुमण-शीत, म्हणजे माशांची आमटी आणि भात, तळलेला बांगडा, कधी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. दुपारी जेवणाआधी ११५-१२० आणि दोन तासांनी २२० च्या वर, हे ठरलेलंच. सकाळच्या त्या १२८ ला या चढाचा पत्ताच नव्हता.

मग भाताचे प्रयोग केले. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाऐवजी उकडा घेतला की साखर आटोक्यात येते, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. माझ्या वहीत फरक दिसतो, पण थोडा, पंधरा-वीस अंकांचा. खरा फरक पडला तो मात्रेने. ताटातला भात निम्म्यावर आणला आणि ती जागा वाल, तांबडी भाजी किंवा मुगाच्या उसळीने भरली, तेव्हा दोन तासांनंतरचा आकडा १७० च्या आसपास यायला लागला. उकडा चांगलाच आहे, कोंड्यालगतची जीवनसत्त्वं त्यात जास्त टिकतात, मी तोच खाते. पण उकडा आहे म्हणून तीन वाढपं घेतली तर मीटर दयामाया दाखवत नाही.

सगळ्यात मोठा धक्का पेजेने दिला. दहा-अकराच्या पेजेवर मी लहानाची मोठी झाले. पातळ, हलकी, आजाऱ्याला देतात ती पेज साखर कशाला वाढवेल, असं वाटायचं. एक तासाने तपासली तर २१०. तांदूळ जितका मऊ, जितका शिजून विरघळलेला, तितका त्यातला स्टार्च लवकर पचतो आणि साखर झपाट्याने चढते. नुसतं लोणचं लावून पेज घेण्याचं मी आता सोडलं. सुटीच्या दिवशी घेते तेव्हा छोटी वाटी, सोबत उसळ किंवा उकडलेलं अंडं, आणि शाळेच्या दिवशी घरून चण्यांचा डबा.

पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई (कोंड्याचा गोल पाव) आणि अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) पातळ भाजी ही माझ्या वहीतली सगळ्यात समाधानाची नोंद. एक पोई, भाजी वाटीभर: आधी ११०, नंतर १५२. तीच भाजी दोन पावांबरोबर खाल्ली त्या दिवशी १८८. आता सगळ्याच पोया पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत, वर कोंडा भुरभुरलेला असला तरी आत बराच मैदा असू शकतो. म्हणून तुमच्या पोदेराची पोई तुम्हीच तपासून बघा, माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. तेच मीटरचं मोल आहे.

ताटात काहीही न बदलता आकडा खाली आणणाऱ्या दोन गोष्टी मला सापडल्या. पहिली, खाण्याचा क्रम. भाजी, उसळ, मासे आधी आणि भात शेवटी. यावर संशोधनही झालेलं आहे. सुरुवातीला पोटात गेलेले तंतू आणि प्रथिनं पुढचा स्टार्च पचण्याचा वेग कमी करतात. हुमण भातावर ओतून पहिल्या घासापासून कालवण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. आमच्या यजमानांना अजून जमत नाही. दुसरी, जेवल्यावर चालणं. पंधरा मिनिटं, घाई न करता. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत. जेवण तेच आणि फक्त चालणं वाढवलेलं, अशा दिवसांत माझा आकडा पंचवीस-तीस अंकांनी कमी आला. गोव्याच्या पावसात रोज बाहेर पडणं कुणालाच शक्य नाही. म्हणून मी ओसरीवर फेऱ्या मारते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पागोळ्या समोर आणि फोनवर भजन. रात्रीच्या जेवणानंतर हे केल्यापासून सकाळचा उपाशीपोटीचा आकडाही खाली सरकला.

त्या सकाळच्या आकड्याविषयी एक सांगायलाच हवं, कारण त्यावरून घरोघरी विनाकारण भांडणं होतात. रात्री हलकं जेवूनही सकाळी साखर झोपण्याआधीपेक्षा जास्त येऊ शकते. पहाटे शरीरात कॉर्टिसोल आणि वाढीची संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडतं. त्याचा अर्थ त्या माणसाने रात्री लपून काही खाल्लं असा नव्हे.

चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, मी मीटर बाजूला ठेवला नाही. पातोळ्या, नेवऱ्या (करंज्या), मोदक, अनेक भाज्यांचं खतखतं, सगळं घरात होतं. पहिल्या दिवशी एक पातोळी आणि एक मोदक जेवणातच घेतला, भात त्या मापाने कमी केला, खतखतं भरपूर. १७४ आला. संध्याकाळी चहाबरोबर नुसती एक नेवरी खाऊन बघितली तर तो आकडा त्याहून वर गेला. तेव्हापासून गोड जेवणाबरोबर घेते, मधल्या वेळेला नाही. मेमध्ये मानकुराद आंब्याच्या वेळीही तेच केलं, दोन फोडी आणि भाताचा एक डाव कमी.

आता ज्या एका दिवसासाठी या यंत्राचे पैसे मला कधीच जास्त वाटणार नाहीत, तो सांगते. माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात, त्यांना ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू आहे. एकादशीला त्यांनी गोळी घेतली आणि उपास धरला. अकराच्या सुमाराला देवघराजवळ बसल्या होत्या, कपाळ ओलंचिंब.

"आई, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही गो, उकडतंय नुसतं."

बाहेर पाऊस कोसळत होता, वारा गार. हात थरथरत होते. बोट पुसून टोचलं: ५८. ७० च्या खाली म्हणजे साखर उतरलेली, तिथे थांबायचं नसतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८४. मग ताकभात भरवला. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काही घालू नये, थेट इस्पितळात न्यावं. म्हाताऱ्या माणसांत साखर उतरल्याची लक्षणं कधी फक्त चिडचिड किंवा बावरलेपणा अशी दिसतात आणि आपण वयाच्या नावावर टाकून देतो. सासूबाईंच्या डॉक्टरांनी उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते नंतर नीट लिहून दिलं. घरात अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर मीटर असायलाच हवा, यात मला काही शंका नाही.

यंत्राबद्दल. कंपनीचं नाव देत नाही, कारण आताच्या चांगल्या मीटरमध्ये फरक थोडाच आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या साखरेत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे लागोपाठ दोन थेंबांत १४२ आणि १५१ आला तर यंत्र बिघडलेलं नाही. मी लॅबमध्ये रक्त देते त्याच वेळी स्वतःही तपासून बघते: लॅब १३१, माझा १३८. त्याने विश्वास बसला. घेताना मशीनची किंमत बघू नका, रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर घ्यायचा तिची बघा. मशीन एकदाच घ्यायचं, पट्टी मात्र दर वेळी. मला एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते. त्यामुळे मी रोज सगळी जेवणं तपासत नाही. आठवड्यातले काही दिवस निवडते, एखाद दिवशी नाश्ता, एखाद दिवशी रात्रीचं जेवण. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला इतकं पुरतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा तपासावं.

गोव्याची दमट हवा हा पट्ट्यांचा शत्रू. पट्टीवर एन्झाइम असतं, ओल लागली की ते बिघडतं. डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, पट्टी कोरड्या हाताने काढायची, डबी फोडल्याची तारीख पेनाने वर लिहायची, कारण फोडल्यानंतर ती ठराविक महिनेच चालते. फ्रिजमध्ये ठेवू नये, चुलीजवळच्या फळीवर तर नाहीच. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आंबा कापलेल्या बोटांनी तपासलं तर तो आकडा आंब्याचाही असतो. बोटाच्या टोकाला टोचण्यापेक्षा कडेला टोचलं तर दुखत नाही, खडू धरताना कळतही नाही.

एक गोष्ट मी कुणालाच करू देत नाही: आमचं टोचणी-पेन दुसऱ्याने वापरणं. पाहुणे येतात, 'माझी पण बघ' म्हणतात. रक्तातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. सुई बदलली तरी पेनाला रक्त लागलेलं असू शकतं. घरातसुद्धा माझं पेन वेगळं, सासूबाईंचं वेगळं.

दंडाला चिकटवायचा, चौदा दिवस चालणारा, साखर मोजणारा सेन्सरही मिळतो. सतत आकडे दाखवतो, पण दर पंधरवड्याला काही हजारांचा खर्च. इन्सुलिनवर असणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, तो वरदान आहे. माझ्यासारखीला वही आणि पट्टी पुरते.

गेल्या महिन्यात एचबीए१सी ७.१ आलं, म्हणजे सरासरी १५७. डॉक्टर दुसरी गोळी वाढवायच्या बेतात होते. वही उघडली, ताट आणि आकडे शेजारी-शेजारी बघितले, आणि म्हणाले, "अजून तीन महिने असंच चालू द्या, मग ठरवू." रात्रीचं जेवण लवकर घ्यायचा सल्ला मात्र दिला, कारण उशिरा जेवलेल्या दिवसांचे आकडे वहीत ठळक वर दिसत होते.

राहिली वापरलेल्या सुयांची गोष्ट. त्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. आपल्याकडे कचरा हाताने वेगळा करणारी माणसं आहेत, सुई त्यांच्या बोटात जाते. मी फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत टाकते, भरली की झाकण टेपने बंद करून आरोग्य केंद्रात नेऊन देते.