निर्वात कक्षाचे बिजागरीचे दार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पुण्यातील प्रयोगशाळेत धातूंचे पातळ थर चढवण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा एक आडवा, नळकांड्याच्या आकाराचा निर्वात कक्ष आहे. गेल्या जूनमध्ये त्याचे जुने दार काढून आम्ही स्वतः रेखाटलेले नवे दार बसवले आणि तेव्हापासून ते जवळजवळ रोज उघडले-मिटले जाते. असे दार करून घेण्याच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दाराची ओ-रिंग, म्हणजे फट हवाबंद करणारे रबरी कडे, ४० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसते. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस सेंटिमीटर भरते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा साधारण एक किलोग्रॅम भार असल्याने, आतली हवा काढल्यावर दारावर १,३०० किलोग्रॅमच्या आसपास भार येतो. हा आकडा ऐकून नवखा माणूस दार तुटेल की काय अशी काळजी करतो. पण पोलाद त्या भाराने तुटण्यापासून फार दूर असते. काळजी करायची ती वाकण्याची. आमचे जुने दार १२ मिलिमीटर जाडीचे होते. काठावर टेकलेल्या सपाट चकतीचे गणित केले तर त्याचा मध्य सुमारे ०.३४ मिलिमीटर आत जातो. जाडी २० मिलिमीटर केली की हेच वाकणे ०.०७ मिलिमीटरवर येते, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जुन्या दाराच्या मध्यभागी असलेल्या काचेच्या खिडकीची कड दर दोन-तीन आठवड्यांनी गळू लागे आणि आम्ही खिडकीलाच दोष देत बसलो होतो. खिडकी ज्या पत्र्यावर बसवली होती तो दर वेळी वाकून परत सरळ होत होता, हे फार उशिरा लक्षात आले. नवे दार आल्यापासून त्या खिडकीच्या बोल्टांना पाना लावावा लागलेला नाही.

जाडीची किंमत वजनात मोजावी लागते. नवे दार सुमारे २४ किलोग्रॅमचे आहे आणि ते एका बाजूने बिजागरीवर लटकते. माझ्या मते या दारातला सर्वांत महत्त्वाचा भाग ही बिजागरीच आहे, आणि रेखाटताना आम्ही सर्वांत कमी विचार तिचाच केला होता. ५.३३ मिलिमीटर जाडीची ओ-रिंग ४.१ मिलिमीटर खोल खाचेत बसवली आहे. म्हणजे दार पूर्ण टेकेपर्यंत त्याला १.२ मिलिमीटरहून थोडे अधिक आत सरकावे लागते. हे सरकणे चहूबाजूंनी समांतर व्हायला हवे. यंत्रशाळेने बिजागरीची पिन आणि भोक इतके घट्ट जुळवून दिले होते की दार बिजागरीच्या बाजूला आधी टेके आणि तिथली ओ-रिंग चिरडली जाई, तर समोरच्या बाजूला ती फ्लँजला, म्हणजे कक्षाच्या तोंडाच्या सपाट कड्याला, स्पर्शही करत नसे. पहिले दोन आठवडे आम्ही दार दाबून धरणाऱ्या पकडी जोर लावून आवळत राहिलो. ओ-रिंगवर एका बाजूला चपटा पट्टा उमटलेला दिसला तेव्हा कुठे मुद्दा कळला. बिजागरीच्या पानातील भोक दाराच्या सरकण्याच्या दिशेने ३ मिलिमीटर लांबट करून घेतले आणि त्या दिवसापासून दाराचे वागणेच बदलले. हवा उपसणारा रोटरी पंप सुरू होताच दार स्वतःहून सरळ होत आत ओढले जाते. पकडींचे काम सुरुवातीचा स्पर्श घडवून आणण्यापुरतेच उरते. आतला दाब थोडा उतरला की त्यांच्या मुठी बोटाने फिरतात इतक्या सैल पडतात.

ही सैल पडलेली पकड तेव्हाच सोडून ठेवावी, असा नियम आम्ही केला आहे. दार उघडण्याआधी कक्षात नायट्रोजन भरताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा एक दशांश बार जरी वाढला, तरी दारावर १३० किलोग्रॅमच्या आसपास भार उलट दिशेने येतो. पकडी बंद असतील तर त्या उघडणाऱ्याच्या हातावर दार झेपावू शकते. मोकळ्या असतील तर दार किंचित सुटते आणि जादा वायू निघून जातो. शिवाय वायूच्या नळीवर दाब सोडणारी झडप बसवली आहे. ती न बसवता असे दार वापरू नये.

ओ-रिंगची खाच दारात आहे आणि ती आतून रुंद, तोंडाशी अरुंद अशी डव्हटेल पद्धतीची आहे. उभ्या दारातून रिंग बाहेर पडू नये म्हणून तिचा जादा खर्च पत्करला आणि त्याचे समाधान आहे. मात्र अशा खाचेच्या तळाशी रिंगमागे हवा अडकते आणि तासन् तास झिरपत राहते; गळती शोधायला जावे तर गळती कुठेच नसते. निर्वात बाजूच्या कडेला एक बारीक चीर द्यायला हवी होती. ती नंतर दिली.

खाच दारात असल्यामुळे गुळगुळीत पृष्ठभाग कक्षाच्या फ्लँजवर आला, आणि नमुने आत ठेवताना हात, धारक, पाने सगळे त्याच्याच खालच्या कडेवरून जाते. ऑगस्टमध्ये एका धारकाने तिथे आडवा ओरखडा पाडला. लेथवर पडलेल्या गोल रेषा रिंगच्या दिशेनेच जात असल्याने त्यांचा त्रास होत नाही, पण रिंगला आडवा छेदणारा एक ओरखडा म्हणजे हवेला आत यायची वाटच. गळती शोधण्यासाठी बाहेरून हेलियम फवारताच, आत शिरलेले हेलियम ओळखणाऱ्या गळतीशोधकाचा काटा काही सेकंदांत वर गेला. तो हळूहळू, काही मिनिटांनी चढला असता तर रिंगच्या व्हायटॉन रबरातून आरपार झिरपणारे हेलियम म्हणून सोडून दिले असते. ओरखडा वर्तुळाच्याच दिशेने बारीक पॉलिश पेपर फिरवून घालवला. आता नमुने ठेवताना खालच्या कडेवर टेफ्लॉनची वाकवलेली पट्टी बसवतो.

पावसाळ्यातला अनुभव वेगळा नोंदवतो. दार वीस मिनिटे उघडे राहिले तर १० चा उणे ६ वा घात मिलिबार या पातळीला पोहोचायला जुलैत दीड तासाहून अधिक लागे. जानेवारीत तेवढेच काम पाऊण तासात झाले. दार दोन्ही वेळा तेच होते. भिंतींवर चिकटलेली पाण्याची वाफ हा वेळ खाते आणि त्यावर ओ-रिंग कितीही आवळून उपाय होत नाही. दार पटकन, एका हाताने, पाना न शोधता उघडता-मिटता येणे हाच इथे गुण ठरतो, आणि त्यात हे दार जुन्या बारा बोल्टांच्या दारापेक्षा फारच पुढे आहे.

चार महिन्यांनी दार मोकळ्या बाजूला अर्धा मिलिमीटर झुकलेले आढळले, कारण सगळे वजन खालच्या बिजागरीतील साध्या वायसरवर होते. तिथे भार पेलणारे बेअरिंग आणि उंची जुळवणारा स्क्रू घातला. तेव्हापासून झुकणे थांबले आहे. पुढच्या दारात हे दोन्ही पहिल्या दिवसापासून असतील.

परवा ओ-रिंग काढून मोजली. दाबाच्या दिशेने ती ५.१ मिलिमीटर भरली, चिरा नाहीत, पण बिजागरीजवळचा तो पहिल्या दोन आठवड्यांचा चपटा पट्टा अजून बोटाला लागतो. नवी, सांधा नसलेली रिंग मागवली आहे आणि ती मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी बसवणार आहे.