प्रार्थना कुणाला, देवपित्याला की येशूला?
नवापूरकडच्या एका घरात आजी तव्यावरची भाकरी उतरवते, डोक्यावर पदर घेते आणि सरळ म्हणते, "प्रभू येशू, पाऊस पाड रे बाबा." नातू टोकतो, "आजी, पित्याकडे माग, येशूच्या नावानं."

मुद्दा त्याचा पक्का. बायबलात येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशीच सुरू होते (मत्तय 6:9). योहान 16:23 मध्येही मागणं पित्याकडेच. पण आजी तरी कुठे चुकते? दगडांचा मार खाताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन यानं हाक मारली ती येशूलाच (प्रेषितांची कृत्ये 7:59).

मला विचाराल तर उपासनेत सगळ्यांच्या वतीनं बोलताना नातवाची रीत बरी, कपाशी सुकू लागली की आजीची. 'आमेन' मात्र दोघांचं एकच, तेही आजी आधी म्हणते.