संथ गतीच्या सरावाचा वर्ग: गाडीच्या आणि चालकाच्या तापण्याची दखल घेणारे तीन तास

परवाना मिळाल्यानंतर सरळ रस्त्यावर मोटारसायकल चालवण्याची भीती माझ्या मनात उरली नव्हती; परंतु अरुंद जागेत गाडी वळवायची वेळ आली की पाय आपोआप जमिनीला टेकत असत. म्हणून मी मोकळ्या मैदानात एकट्याने सराव सुरू केला. पाऊण तासात इंजिनाजवळची मांडी भाजू लागली, क्लच सोडताना तो नेमका कुठे पकडतो, म्हणजे गाडी कुठे पुढे सरू लागते, हे हाताला कळेनासे झाले, न्यूट्रल (कोणताही गिअर न लागलेली स्थिती) सापडेना आणि डोके जड झाले. आपला हातच बिघडला, असा मी समज करून घेतला होता. तो चुकीचा होता आणि खरे कारण उष्णता होते, हे नवशिक्यांसाठीच्या तीन तासांच्या या प्रशिक्षणवर्गात उमगले आणि माझ्या दृष्टीने वर्गाचे खरे मोल तेच आहे.

संथ गतीचे तंत्र तीन गोष्टींवर उभे असते: अर्धवट सोडलेला क्लच, स्थिर ठेवलेला थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारी उजवी मूठ) आणि मागच्या ब्रेकवरचा हलका दाब. यातील पहिली गोष्टच उष्णता निर्माण करते, कारण क्लचच्या प्लेट एकमेकींवर घासत राहतात. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने ती उष्णता ऑइल वाहून नेते. तरीही प्लेट तापल्या की लिव्हरची ढील बदलते आणि क्लच पकडण्याची जागा सरकते. इंजिन हवेवर थंड होणारे असेल तर त्याच्या फिन्सना (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांना) वाहता वारा हवा असतो आणि माणसाच्या चालीने जाणाऱ्या गाडीला तो मिळतच नाही. शीतकद्रव, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, असलेल्या गाडीचा पंखा अशा वेळी जोरात सुरू होतो. तो आवाज ऐकून आमच्यापैकी एकाने घाबरून गाडी थांबवली, तेव्हा प्रशिक्षकांनी सर्वांना जवळ बोलावून सांगितले की पंखा आपले काम करतो आहे. लक्ष ठेवायचे ते तापमानाच्या इशाऱ्याच्या दिव्यावर.

म्हणूनच वर्गाची आखणी मला विशेष आवडली. निम्मे शिकाऊ दहा मिनिटे गाडी चालवत आणि उरलेले सावलीत हेल्मेट काढून त्यांचे निरीक्षण करत. मग अदलाबदल होई. विश्रांतीच्या वेळी इंजिन बंद ठेवण्याचा आग्रह होता. आधी सरळ रेषेत शक्य तितके हळू, मग शंकूंमधून नागमोडी आणि शेवटी आठचा आकडा, असा क्रम होता. माझी गाडी दर वेळी आतल्या शंकूकडे ओढली जात होती, कारण माझी नजर त्या शंकूवर खिळलेली होती. प्रशिक्षक वळणाच्या शेवटी जाऊन उभे राहिले, त्यांनी हात वर केला आणि किती बोटे दिसतात ते मोठ्याने सांगायला लावले. बोटे मोजण्यासाठी मान वळवावी लागली, मानेमागे खांदे वळले आणि गाडी शंकूपासून हातभर अंतरावरून सहज फिरली. पुढच्याच फेरीत हँडल पूर्ण वळलेले असताना मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांमुळे मला खरचटलेसुद्धा नाही.

जाळीदार जाकिटाबद्दलचा त्यांचा सल्ला प्रामाणिक वाटला. वेग असताना ते अंगाला वारा देते, संथ सरावात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून जाकीट, हातमोजे आणि बूट चालवताना अंगावरच ठेवायचे, थांबल्यावर जाकीट उघडायचे, मानेवर ओला रुमाल ठेवायचा आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यायचे. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली की त्या दिवसाचा सराव तिथेच संपवायचा, हा नियमही सुरुवातीलाच सांगण्यात आला.

दोन उणिवा मात्र नोंदवायलाच हव्यात. उत्तरार्धात मैदानावरची सावली सरकली आणि नेमकी तेव्हाच यू-टर्नविषयीची लांबलचक सूचना सर्व गाड्या चालू ठेवून देण्यात आली. जो नियम आम्हाला शिकवला तो तिथे पाळला गेला नाही आणि त्यानंतरच्या यू-टर्नमध्ये जवळजवळ प्रत्येकाने पाय टेकले. दुसरे असे की, कोणाच्या गाडीला कोरडा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेला, क्लच आहे का, याची विचारणा झाली नाही. काही जुन्या गाड्यांना तो असतो आणि सतत अर्धवट दाबून ठेवणे त्याला मुळीच सोसत नाही.

गिअर बदलताना अजून अडखळणाऱ्यांनी या वर्गाची घाई करू नये. ज्यांना गाडी येते पण वळवता येत नाही, त्यांनी तो अवश्य करावा आणि सकाळची लवकरची तुकडी निवडावी. मी आता दहा मिनिटे झाली की इंजिन बंद करतो आणि पुन्हा निघण्यापूर्वी गाडी जागेवर असतानाच क्लच सावकाश सोडून तो कुठे पकडतो ते पाहतो. गेल्या आठवड्यात आठचे सहा आकडे पाय न टेकता पूर्ण झाले.