पुदुच्चेरीच्या खोलीपायी गेलेले 20,436 रुपये

20,436 रुपये. तीन वेळा मिळून, अर्ध्या तासाच्या आत, माझ्याच हातानं पाठवले. लिहायला लाज वाटते. पंधरा दिवस पोरालाही सांगितलं नव्हतं. पण परवा इथंच सोलापुरात होटगी रोडला राहणाऱ्या एका ओळखीच्यांना गोव्याच्या खोलीसाठी हुबेहूब असंच लुबाडलं, तेव्हा गप्प बसवेना.

लग्नाला 25 वर्षं झाली. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की दोघंच कुठंतरी जाऊ असं ठरलं होतं. बायकोला पुदुच्चेरी बघायची होती. 1954 पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात असलेलं समुद्रकाठचं गाव, पिवळ्या भिंती, त्यावर बोगनवेल, गल्ल्यांना अजून फ्रेंच नावं. फोटो बघून बघून तिनं राहायचा भागसुद्धा नक्की केला होता. "समुद्रावर चालत जाता आलं पाहिजे," एवढीच तिची अट. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढं बस. तिकिटं काढून झाली, राहिली फक्त खोली.

नकाशाच्या ॲपवर एक जुनं गेस्ट हाउस सापडलं. शेकड्यानं अभिप्राय, चांगले तारे. तिथंच दिलेला नंबर लावला. आता कुणी म्हणेल, नंबर तपासायचा की! अहो, दुकानाच्या पाटीवरचा नंबर आपण तपासतो का? त्या नकाशात कुणीही "नंबर बदलला" असं सुचवू शकतो, हे मला नंतर कळलं. हॉटेलची स्वतःची वेबसाइट उघडा, दोन्हीकडचा नंबर जुळतो का बघा, मगच बोला.

माणूस गोड बोलला, हिंदीत. रोजचे 3,400, तीन रात्रींचे 10,200, निम्मे ॲडव्हान्स. मी 5,100 पाठवले.

पाच मिनिटांत त्याचाच फोन. म्हणे तुमचा बुकिंग नंबर 18 आहे, रक्कम 5,118 अशीच आली पाहिजे, नाहीतर पावती निघत नाही. परत पाठवा, आधीचे आपोआप खात्यात येतील. इथंच थांबायला हवं होतं. बावीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितोय. 18 रुपये कमी पडले तर माणूस 18 रुपयेच मागतो, हे चाटी गल्लीतलं कालचं पोरगंसुद्धा सांगेल. पण तो फोन ठेवूच देत नव्हता. एकीकडं बोलणं चालू, दुसरीकडं व्हॉट्सॲपवर शिक्क्याची पावती, आधार कार्ड, खोलीचे फोटो एकामागून एक येत होते. विचाराला जागाच ठेवली नाही त्यानं. पाठवले 5,118.

मग म्हणाला, दोन्ही रकमा अडकल्यात, 10,218 हा रिफंडचा कोड आहे, तो रकमेच्या चौकटीत टाका.

बायको शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "अहो, पैसे यायचेत ना? मग पिन कशाला टाकायचा?"

मी हात वर करून तिला गप्प केलं. स्क्रीनवर गेस्ट हाउसचं नाव नव्हतं, भलत्याच कुणाचं तरी नाव होतं. पिनच्या चौकटीवर रक्कमही दिसत होती. मी दोन्ही वाचलं आणि तरी पिन टाकला, कारण अडकलेले 10,218 डोक्यात घोळत होते. गेलेले पैसे सोडवायला माणूस जास्त आंधळा होतो. पैसे यायला पिन लागत नाही. कधीच नाही. हे मला माहीत होतं हो!

फोन बंद. दीड तास मी त्या चोरालाच फोन लावत बसलो, आणि तोच वेळ मोलाचा होता. असं झालं तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, दुसरा बँकेला. बाकी सगळं मागाहून.

मी धावलो पोलीस ठाण्यात. तिथं 1930 चं नावसुद्धा कुणी काढलं नाही. तासभर बाकावर बसवलं, मग "हे सायबरकडं" म्हणून वाटेला लावलं. सायबरवाले म्हणाले ऑनलाइन तक्रार करा. घरी येऊन पोरीच्या मदतीनं केली, पावती क्रमांक घेऊन परत गेलो, तर "तक्रार झालीय ना, मग आता काय पाहिजे?" बँकेतली बाई मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलाय." लेखी द्या म्हटलं तर साहेब रजेवर. चार खेटे घातले. पुढं कळलं की 4,260 रुपये कुठल्याशा खात्यात गोठवलेत, पण ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. 4,260 साठी वकील किती घेईल? हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? बँकेला लेखीच द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. हेही मला बँकेनं नाही, कारखान्यातल्या एका पोरानं सांगितलं.

तिकिटं होती म्हणून गेलो. बसस्टँडजवळ 1,150 ची खोली घेतली, समुद्रापासून लांब. रिक्षानंच जावं लागलं. संध्याकाळी किनाऱ्याचा रस्ता गाड्यांना बंद करतात. गांधींच्या पुतळ्यापाशी काळ्या दगडांवर बसलो, पण मनात पैसेच. बायको मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते गेस्ट हाउस शोधून काढलं. फोटोतलंच दार, तीच पिवळी भिंत. मॅनेजरनं माझी पावती बघितली, काही न बोलता ड्रॉवर उघडला आणि तसल्याच आणखी तीन छापील पावत्या माझ्यासमोर ठेवल्या. शिक्का तोच. बुकिंग नंबरही सगळ्यांवर 18.

सोलापूरला आल्यावर तो नंबर खोटा म्हणून ॲपवर कळवला. आठवड्यानं पोरीच्या फोनवरून लावून बघितला. पहिल्याच रिंगला उचलला. तोच आवाज, भाव 3,400, निम्मे ॲडव्हान्स.