ईस्टरला मुलांना घेऊन बागा बघायच्या तर कॉट्सवोल्ड्स की कॉर्नवॉल?

इंग्लंडात राहणाऱ्या, बागेची आवड असलेल्या आणि घरात लहान मुलं असलेल्या आपल्या मंडळींचा मार्च लागला की एक प्रश्न ठरलेला असतो. ईस्टरच्या सुट्टीत तीन-चार रात्री जायचं कुठे? बोलणं फिरून फिरून टेकड्यांवरचं कॉट्सवोल्ड्स आणि इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचं कॉर्नवॉल या दोन नावांवर येतं. आम्ही रेडिंगला राहतो आणि दोन्हीकडे दोन-दोनदा जाऊन आलो आहोत. शेवटच्या खेपेला मुलगी पाच वर्षांची होती, मुलगा नऊ. पुढे लिहितोय ते आमच्या अनुभवावरून. मुलं मोठी असतील तर तुमचं गणित कदाचित वेगळं येईल.

अंतराच्या बाबतीत वाद नाही. रेडिंगहून कॉट्सवोल्ड्समधल्या चिपिंग कॅम्पडनला दीड-दोन तासांत पोचता येतं. गाडी नसेल तर पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शला थेट ट्रेन आहे. कॉर्नवॉलला मात्र पहिल्या खेपेला आम्हाला सात तास लागले, त्यातले दोन नुसते रांगेत सरकण्यात गेले. शिवाय तिकडे मुक्कामापाशी पोचता पोचता रस्ता एका गाडीपुरता होतो, दोन्ही बाजूंना दगडमातीचे उंच बांध असतात आणि समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घेत राहावी लागते. दुसऱ्या खेपेला आम्ही रात्रीच्या स्लीपर ट्रेनने ट्रुरोपर्यंत गेलो आणि तिथे गाडी भाड्याने घेतली. खर्च वाढला, पण मुलांना ट्रेनमध्ये झोपायला मिळालं यातच त्यांची अर्धी सहल झाली.

आई-बाबा पुण्याहून आले असतील आणि गुडघे कुरकुरत असतील, तर मी विनासंकोच कॉट्सवोल्ड्स सुचवेन. कॉर्नवॉलच्या बऱ्याचशा बागा दरीत उतरत जातात. उतरताना छान वाटतं, परतताना चढ असतो. बोर्टन-ऑन-द-वॉटरला नदीकाठी बाकावर बसून राहिलं तरी वेळ मजेत जातो, आणि गायटिंग पॉवरजवळच्या कॉट्सवोल्ड फार्म पार्कमध्ये या दिवसांत कोकरं जन्मत असतात. आमची मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.

आता बागांकडे वळतो. कॉट्सवोल्ड्समधली हिडकोट ही बाग लॉरेन्स जॉन्स्टन यांनी १९०७ नंतर उभी केली. झाडांच्या उंच कुंपणांच्या भिंती, त्यांच्या आत जणू एकेक खोली, प्रत्येक खोलीचा रंग वेगळा. बागेची आखणी शिकायची असेल तर तिच्यासारखी शाळा नाही. घरचा माझा वाफा मी तिथून आल्यावरच तोडून पुन्हा आखला. पण कॉट्सवोल्ड्स उंचावर आहे, वारा बोचरा असतो, आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांचे तिथले ताटवे खरे भरतात जूनमध्ये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ ठिकाणी काळी माती आणि नावाच्या पाट्या एवढंच दिसतं. अपवाद बॅट्सफर्डच्या वृक्षबागेचा. जपानी चेरीचा तिथला संग्रह एप्रिलमध्ये फुलतो तेव्हा आमच्या दोन्ही मुलांनी आपणहून मान वर करून पाहिलं होतं.

तरी माझं मन बदललं ते थंडीमुळे नाही. त्या भागातल्या एका सुंदर, जुन्या बागेत आम्ही सुट्टीच्या दिवशी गेलो. विटांची वाट दोन माणसांपुरती, दोन्हीकडे ट्यूलिप अगदी काठाला आलेले, पुढेमागे माणसं. मुलीला फुलाला हात लावून पाहायचा होता, मुलाला पळायचं होतं. तीन तासांत मी किती वेळा "हात लावू नकोस", "पळू नकोस" म्हणालो असेन, मोजलं नाही. चूक कुणाचीच नव्हती. बागच तशी, शांतपणे पाहायची. पण गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या बाग नको." हे मला फार लागलं. माझं आजोळ गुहागरजवळ. वर घर, उतारावर नारळ-सुपारीचं आगर, खाली खाडी. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो, चिखलात लोळलो, तेव्हा कुठे मातीची ओढ लागली. हात न लावता ती लागली असती असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी कॉर्नवॉलमधल्या ग्लेंडर्गनच्या बागेत गेलो. वर घर, उतारावर बाग, खाली डर्गन नावाची चिमुकली वस्ती आणि हेलफर्ड नदीचं खाडीसारखं पात्र. पहिल्या वळणावरच मला आजोळ आठवलं. ही बाग उभी करणाऱ्या, जवळच्या फालमथ बंदरातल्या फॉक्स कुटुंबाचा व्यवसाय जहाजांचा, त्यामुळे दूरदूरची झाडं तिथे येऊन रुजली. दरीच्या उतारावर चेरी लॉरेलचा १८३३ साली लावलेला भूलभुलैया आहे. समोरच्या उतारावर उभं राहिलं की आतली मुलं वरून दिसत राहतात. मी तासभर तिथे बसलो आणि एकदाही ओरडावं लागलं नाही. नंतर खालच्या किनाऱ्यावर दोघांनी शिंपले वेचले.

कॉर्नवॉलमधल्याच हेलिगनच्या बागेला अख्खा दिवस ठेवा. तिथल्या माळ्यांनी १९१४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संडासाच्या भिंतीवर पेन्सिलीने नावं लिहिली आणि त्यातले कितीतरी युद्धावरून परतलेच नाहीत. बाग झाडोऱ्यात गडप झाली, ती १९९० मध्ये पुन्हा सापडली. मुलाने ती हकिगत दोनदा सांगायला लावली. घोड्याच्या लिदीच्या उबेवर अननस पिकवायचा खड्डा आहे, दरीवर दोरांचा झुलता पूल आहे. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी १८५० च्या सुमारास सिक्कीममधून पाठवलेल्या बियांची ऱ्होडोडेंड्रॉन तिथे झाडांएवढी झाली आहेत. एप्रिलमध्ये ती लालभडक फुलतात, खाली पाकळ्यांचा सडा पडतो, आणि तो मुठींनी उधळायला कुणी मना करत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. तिथली कॅमेलिया पाहून मोहात पडाल, पण ती आम्लधर्मी मातीची झाडं. तुमच्याकडे चुनखडीची माती असेल तर जमिनीत लावू नका, पानं पिवळी पडतात. कुंडीत, तिच्यासाठी मिळणारं वेगळं खत-मिश्रण घालून लावा. आमची तशीच तग धरून आहे.

सहलीला निघताना घरच्या टोमॅटो-मिरचीच्या रोपांचीही काळजी असते. जुना टॉवेल चिंब भिजवून ट्रेमध्ये पसरायचा, वर कुंड्या ठेवायच्या आणि ट्रे दक्षिणेच्या खिडकीतून हलवायचा. चार दिवस निभावतात.

सुट्टी मे-अखेरची मिळत असेल तर मी पुन्हा विचार करेन. तोवर कॉर्नवॉलचा ऱ्होडोडेंड्रॉनचा बहर बराचसा ओसरलेला असतो आणि कॉट्सवोल्ड्सच्या दगडी भिंतींवर विस्टेरियाच्या वेलीचे घोस लटकू लागतात. पण सुट्टी ईस्टरची असेल आणि मुलं दहाच्या आतली, तर एवढा लांबचा प्रवास सोसावा असं माझं मत झालंय. सुट्टीत तिकडची बरीच घरं शनिवार ते शनिवार अशी आठवड्यासाठीच देतात, म्हणून तीन-चार रात्रींची जागा जानेवारीतच शोधायला घ्या. आमची फालमथला मिळाली आहे. भूलभुलैयाचा नकाशा मुलीने आधीच काढून फ्रिजवर लावलाय.